आणि संच

मास्टर गेले तेव्हा मी तीन दिवस रडले. आई गेली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. हे मी लाजून वगैरे सांगत नाही, जे झालं ते झालं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला तेव्हा मात्र डोळ्यातून टिपूस निघालं नाही. दवाखान्यात बाजूच्या खाटेपाशी बसलेल्या बाया माझ्याकडं टकामका बघत होत्या, ही कसली पोर म्हणून. मी फॉर्म भरत होते. पेशंटचं वय, पेशंटचा धंदा. धंद्याच्या रकान्यात मी 'रिटायर शिपाई' लिहिलं. दुसरंही काही लिहिता आलं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मास्टर म्हणजे आमच्या भागातले गायक. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाला, माणूस गेल्यावर आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात त्याला, सगळीकडं ही पार्टी असायची. सोनपेठपासून परभणीपर्यंत अशी बौद्धवस्ती नसेल जिथं मास्टरचा आवाज गेला नाही. पेटी पुढ्यात, गळ्यात निळा रुमाल, आणि पहिला सूर लावायच्या आधी डोळे मिटून हलकंसं खाकरायचे. ते खाकरणंसुद्धा मला आवडायचं. आमच्या वस्तीतली अर्धी पोरं त्यांच्यासारखी खाकरायची, गाता मात्र कुणाला यायचं नाही.

मी त्यांच्या आवाजावर वाढले, असं म्हटलं तरी चालेल. दहावीचा अभ्यास मी त्यांच्या कॅसेटवर केला. टेप मंद ठेवायचा, पुस्तक मांडीवर, आणि गणित सुटलं नाही की कॅसेट उलटी करायची. नोकरीचा पहिला पगार झाला तेव्हा साडी न घेता नवा टेप घेतला, म्हणून आई आठवडाभर बोलली नव्हती. कुणी मास्टरला नावं ठेवली की माझं डोकं सटकायचं. एकदा ऑफिसात एका साहेबानं, ह्यांची सगळी गाणी सारखीच वाटतात, असं म्हटल्यावर मी त्याची फाईल चार दिवस खाली दाबून ठेवली होती. चूक होती. पण अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी मला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी मुलाला विचारलं, मास्टर ऐकता का. तो म्हणाला, ऐकतो, पण मला त्या बाईचा आवाज जास्त आवडतो. माणूस खरं बोलतोय असं वाटलं, म्हणून हो म्हटलं. आज पाथरीला मास्तरकी करतात, रोज येऊन-जाऊन. अजूनही त्यांना बाईच आवडते.

ती बाईही साधी नव्हती. गोदावरीच्या पलीकडून यायची, मास्टरशी मुकाबला करायला. मुकाबला म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्यायचा. नाकात चमकी, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की भोंग्याची गरज नाही. मी तेव्हा चौथीत असेन. बाईनं मध्येच गाणं थांबवलं आणि बायांच्या बाजूला वळून विचारलं, सही किती जणींना येते, हात वर करा. माझ्या आईनं हात वर केला नाही. सकाळी माझी पाटी घेऊन बसली आणि म्हणाली, शिकीव. पुढं दहावीनंतर मला घरी बसवायचं भावकीत ठरत होतं तेव्हा आईनं जे तोंड सोडलं, ते त्या बाईमुळं. म्हणजे माझ्या क्लार्कच्या खुर्चीचा एक पाय त्या बाईनं लावला आहे. तिला ते कधी कळलं नाही.

आणि परभणीच्या उरुसातले कव्वाल. दर वर्षी मास्टर आणि अण्णा दोघं जायचे, अगदी पुढं जाऊन बसायचे, मला खांद्यावर घेऊन. कव्वालाच्या मागं बसलेली माणसं टाळी कशी देतात, सूर कुठं उचलतात, अण्णा फक्त तेच बघायचे. मी कव्वालाचं तोंड बघायची. अण्णा कुठं बघतात, हे मी तेव्हा बघितलं पण त्याचा विचार केला नाही.

अण्णा पार्टीत होते. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, तीसेक वर्षं. दिवसा सोनपेठला शाळेत शिपाई आणि कार्यक्रम असला की मास्टरच्या उजव्या हाताला, खंजिरी घेऊन. काम काय, तर झील. मास्टरनं ओळ म्हणायची, आणि ओळीचं शेवटचं शेपूट अण्णांनी वरच्या पट्टीत उचलायचं, दोनदा. तेवढ्यात मास्टरला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते, पेटीवर हात फिरवता येतो. झीलवाल्यानं पहिली ओळ कधी म्हणायची नाही. मास्टरनं दिल्याशिवाय त्याला ओळच नसते. पोस्टरवर मास्टरचं नाव ठळक, खाली ढोलकीवाल्याचं, बेंजोवाल्याचं बारीक, आणि शेवटी 'आणि संच'. अण्णा त्या संचात होते. लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, तुझे वडील कुठंयत पोस्टरवर, तर मी 'संच'वर बोट ठेवायची. त्या हसायच्या. मला राग यायचा, पण मैत्रिणींचा नाही, अण्णांचा. एवढी वर्षं शेजारी बसून ह्या माणसाला एकदाही स्वतःहून गावंसं वाटत नाही का, असं वाटायचं.

माझ्याकडं मास्टरच्या चाळीस-पन्नास कॅसेट होत्या, नंतर पुण्याला असलेल्या माझ्या पोरानं त्या मोबाइलमध्ये भरून दिल्या. प्रत्येक गाण्यात मागं अण्णांचा आवाज आहे. तीस वर्षं मी ती गाणी ऐकली आणि तो आवाज एकदाही ऐकला नाही. जसा पंख्याचा आवाज आपण ऐकत नाही, तसा.

आता जे सांगायचं ते सांगते.

मास्टर गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा सोनपेठजवळ त्यांच्या गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. दोन दिवस आधी दुपारी पार्टीतले लोक माझ्या परभणीच्या घरी आले, अण्णा तेव्हा आमच्याकडं राहायला आले होते. ढोलकीवाले काका, बेंजोवाले, आणि मास्टरचा पुतण्या. त्यांचं म्हणणं होतं की त्या दिवशी मास्टरची गाणी मास्टरच्याच पार्टीनं म्हणायची, आणि पहिली ओळ अण्णांनी द्यायची. एक ना एक गाणं त्यांना पाठ आहे, सगळ्या हरकती ठाऊक आहेत, दुसरा कोण देणार. अण्णांनी मान खाली घालून हलकंसं खाकरलं.

ते खाकरणं ऐकलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तीन दिवस रडून डोळे सुजलेले. मला वाटलं, हे मास्टरची जागा घ्यायला निघाले. मी चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होते, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुमी झीलच देत जा. पहिली ओळ तुमच्या तोंडी शोभत न्हाई. लोक हसतील."

ढोलकीवाले काका बशीत चहा ओतत राहिले. अण्णांनी टोपी घातली, चप्पल घातली, आणि बाहेर निघून गेले. तासाभरानं परत आले तर हातात मेथीची जुडी. आईला आवडायची तशी, कोवळी. कार्यक्रमात भाषणं झाली, गाणं झालं नाही. पार्टी तिथंच मोडली. आणि अण्णा त्यानंतर गायले नाहीत. अंघोळ करतानासुद्धा नाही. मी तो विषय कधी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मेथीची भाजी मी त्या दिवशी केली आणि त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. मला वाटलं, विसरले असतील. खरं सांगायचं तर, असं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

मग गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. हात-पाय थोडे परत आले, वाचा आली नाही. ते मला 'माय' म्हणायचे. ये माय, पाणी दे माय, चष्मा कुठाय माय. लेकीला आमच्याकडं असंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. ते बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येतं, बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या एका मॅडमकडं मी त्यांना आठवड्यातून एकदा न्यायची. त्या चित्रं दाखवायच्या. कप, कंगवा, गाय. अण्णा गायीकडं बघायचे, मग मॅडमकडं, मग माझ्याकडं. सगळं कळतंय असं तोंड, आणि ओठ बंद. मॅडम चांगल्या होत्या. म्हणायच्या, घाई करू नका.

घाई कसली. मला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, त्यांना उठवायचं, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मऊ भात, गोळ्या, मग ऑफिस. दुपारी एक मावशी बसायच्या. संध्याकाळी परत तेच. लोक भेटायला यायचे, माझी पाठ थोपटायचे, लय करायलीस बाई बापाचं म्हणायचे, आणि मी मान हलवायचे. आतून सगळं सुन्न. नळाखाली हात धरावा आणि पाणी गार आहे का गरम ते कळू नये, असं झालं होतं. मास्टरचं गाणं लावावं असंही वाटत नव्हतं. आठ महिने मी काही ऐकलं नाही. एवढी शांतता माझ्या घरात जन्मात नव्हती.

मग एक रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. मोबाइलमधले फोटो पोराला पाठवत होते आणि बोट चुकून कशावर तरी पडलं. मास्टर खाकरले. मी बंद करणार तेवढ्यात ओळ सुरू झाली, त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं, वस्तीतल्या विहिरीचं. 'माझ्या वस्तीच्या आडाला, आलं गोड पाणी.' आणि आतल्या खोलीतून, मोबाइलमधून नव्हे, खोलीतून, आवाज आला.

"आलं गोड पाणी, आलं गोड पाणी."

चढ्या पट्टीत, दोनदा, लयीत. मी बंद केलं. खोलीतला आवाजही बंद झाला. परत लावलं. मास्टरनं ओळ टाकली आणि अण्णांनी झील उचलली. मी दारात जाऊन बघितलं तर उशीला टेकून बसलेले, डावा हात मांडीवर ठेका धरतोय, आणि तोंडातून शब्द येताहेत, स्वच्छ, एकही शब्द बोबडा नाही. आठ महिन्यांनी माझ्या बापाचा आवाज. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, या, अण्णा गायलेत. गॅस आणून टाकलाय म्हणावं तशा आवाजात.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, होतं असं. मेंदूत बोलायचं एका बाजूला असतं, गाण्याचं दुसऱ्या बाजूला. गाऊ द्या. मग काय, सगळी कॉलनी आली. प्रत्येकाला ऐकायचं होतं. मी मोबाइल लावायची, अण्णा झील द्यायचे, लोक व्हिडिओ काढायचे. एकदोन बाया रडल्या. माझ्या घरात, माझ्या बापासाठी, दुसऱ्या बाया रडत होत्या आणि मी त्यांना चहा विचारत होते.

पोखर्णीहून ढोलकीवाले काका आले. पार्टी मोडल्यानंतर पहिल्यांदा. माझ्याशी नीट बोलले नाहीत, त्यांचा हक्कच होता तो. खाटेजवळ बसले, स्टुलावर बोटं वाजवली, अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे पुसले. जाताना काका दारात थांबले.

"मोबाइल कशाला लावतीस? मेलेल्या माणसाच्या मागं किती दिवस झील देईल तो? तू दे ओळ."

मी म्हणाले, मला गाता येत नाही, मी ऐकणारी. काका म्हणाले, मग ऐकूनच घाल जन्म, आणि ऑटोत बसले. मला लय राग आला. दोन दिवस राग होता. तेवढंच जरा बरं वाटलं, काहीतरी वाटत होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी, घरात कुणी नाही असं बघून, मी विहिरीच्या गाण्याच्या चालीवर म्हणाले, 'माझ्या अण्णांना सकाळी, चहा पाहिजे का गं.' आवाज फाटका, सूर कुठल्या कुठं. अण्णांनी एक क्षण माझ्या तोंडाकडं बघितलं. मग वर उचललं, "पाहिजे का गं, पाहिजे का गं."

आम्ही बावळट नवरा-बायको. आम्हाला वाटलं, बोलणं सापडलं. आमच्यात ज्यानं जन्मभर गायन पार्ट्या ऐकल्या त्याला वाटणारच, कारण सवाल गाण्यातून टाकला की जबाब गाण्यातून येतो, हे हाडात भिनलेलं. झीलवाला जबाब देत नसतो, तो फक्त शेपूट उचलतो, हे आम्हीच विसरलो. मी गायची, चहा पाहिजे, अण्णा म्हणायचे, पाहिजे. मी चहा द्यायची. हे गायचे, भात वाढू का, अण्णा म्हणायचे, वाढू का, हे वाढायचे. पोटात दुखतं का म्हटलं तर दुखतं का, म्हणून ओव्याचा काढा. फिरायला जायचं म्हटलं तर जायचं, म्हणून खुर्चीवरून भर उन्हात दोन चकरा. पंधरा दिवस आम्ही त्या माणसाला चहा पाजला, भात कोंबला, काढे पाजले. शेवटी जुलाब लागले. मॅडमना सांगितलं तर त्या हसू दाबून म्हणाल्या, अहो ताई, ते तुमचेच शब्द तुम्हाला परत देताहेत. आम्ही रस्ताभर एकमेकांकडं बघितलं नाही. मग घरी येऊन हे हसायला लागले, आणि मीही हसले. अण्णाही हसले. कशाला, ते कळलं नाही.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. जे मी म्हणेन ते अण्णा म्हणणार. मग मला जे सहा वर्षं ऐकायचं होतं, तेही म्हणणार.

मला काय ऐकायचं होतं ते सरळच सांगते. त्यांनी मला माफ केलं, एवढंच. दुसरं काही नको होतं. चालणं नको, 'माय' नको. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याचं सांगून ठेवलं होतं, कधीही येऊ शकतो म्हणून. त्याआधी एकदा त्यांच्या तोंडून यावं. खोटं का असेना, माझेच शब्द का असेनात, पण आवाज तर त्यांचा असेल. असं मी स्वतःला समजावलं. आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं, आणि बापाच्या तोंडून वदवून घ्यायचं. लबाडी होती, आणि लबाडी आहे हे मला ठाऊक होतं.

ऑफिसातून अर्धी रजा टाकून एका दुपारी घरी आले. मावशींना घरी पाठवलं. अण्णांना उशीला टेकवून बसवलं, चष्मा पुसून लावला, खाटेसमोर खुर्ची घेतली. आधी मास्टरची ओळ दिली, त्यांनी झील दिली. चांगली दिली. मग त्याच चालीवर, रात्रभर मनात जुळवलेली ओळ म्हणाले.

"तुमच्या पोरीच्या वरती, राग न्हाई आता."

अण्णा गप्प.

मला वाटलं, दम लागला असेल. पाणी पाजलं. परत म्हणाले. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, ऐकत होते, आणि ओठ मिटलेले. मी विहिरीची ओळ टाकली, लगेच झील आली, दोनदा. चहाची ओळ टाकली, आली. मग परत माझी. 'राग न्हाई आता.' डाव्या हाताचा ठेकासुद्धा थांबला. चार वेळा म्हणाले मी. पंधरा दिवस जो माणूस मी म्हणेन ते म्हणत आला, नको असलेल्या काढ्यालासुद्धा हो म्हणत आला, त्यानं ही एक ओळ घेतली नाही.

बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी बसून राहिले. मग ओळ आपोआप तोंडात आली, जुळवलेली नव्हती.

"तुमच्या मनाला लागलं, पोर लय चुकली."

"पोर लय चुकली," अण्णांनी उचललं, इतकं वर की गळ्याच्या शिरा ताणल्या, "पोर लय चुकली!" आणि डावा हात मांडीवर दाणकन पडला. झील दोनदा द्यायची असते. त्यांनी तिसऱ्यांदाही दिली.

मला वाईट वाटलं. काकांवरचा तो राग सोडला तर झटक्यानंतर पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते वाईट वाटलं. मी तोंडाला पदर लावला. त्यांनी माफ केलेलं नव्हतं. सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लं, माझ्या घरात राहिले, माझ्याकडून अंग पुसून घेतलं, आणि माझं ते वाक्य त्यांच्या मनात जिथल्या तिथं होतं. मी घाबरले, आणि मला बरंही वाटलं. कारण कप, कंगवा, गाय दाखवून जो माणूस कुणाला सापडत नव्हता तो आत होता. अख्खा होता. माझ्यावर रागावलेला होता.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. पुढच्या ओळीची वाट बघत होते, जसे तीस वर्षं मास्टरकडं बघायचे. ओळ दिली की ते उचलणार होते, आणि माझ्याकडं ओळ नव्हती. माफ करा म्हणायचं, तर ते म्हणणार, माफ करा. माझ्या बापाला मला माझी माफी मागायला लावायची नव्हती.

मी खुर्ची खाटेच्या बाजूला ओढली, त्यांच्या उजव्या हाताला. म्हणाले, "अण्णा, आता तुमी ओळ द्या. मी झील देते."

त्यांनी मान खाली घातली, आणि हलकंसं खाकरलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसता श्वास. परत उघडलं, परत श्वास. मी मध्ये एक शब्द टाकला नाही.

त्याला आता दीड महिना झाला. रोज ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन तिथं बसते. मोबाइल लावत नाही. अण्णा खाकरतात, तोंड उघडतात, ओळ येत नाही. हे म्हणतात, किती दिवस असं बसणार. मी म्हणते, ते तीस वर्षं बसले होते.